अकरा हजार वेळा पडलेला रुग्णोबा

आधी एक कोडं घाला डोक्यात. शर्यतीला चार डॉक्टर हजर आहेत. चौघंही वेळेवर आलेत, चौघांच्या गळ्यात हार आहेत. तरी सातव्या वळणावर कोसळलेला माणूस पंचवीस मिनिटं तसाच पडून राहतो. कसा काय?

आमच्या खडकवण्यात २०६०च्या चैत्रात हे खरंच घडलं. शर्यतीचं नाव गडचढ. गावापासून गडाच्या दरवाजापर्यंत दहा वळणं पळत चढायची. कोसळलेले हणमंतकाका वाचले, पण अजून त्यांना बाजारातून स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही. गावाने त्याला नशीब म्हटलं आणि पुढच्या वर्षीची पत्रकं छापली. त्या वर्षी पळणाऱ्यांच्या यादीत माझ्या बाबांचं नाव होतं.

मला बाबांशिवाय कोणी नाही. आई तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. नंतर बाबांची बदली इथल्या बसडेपोत झाली. ते मेकॅनिक आहेत. शाळेत माझं कोणाशी भांडणसुद्धा होत नव्हतं, इतकी मी एकटी होते. सुट्टीच्या दुपारी तर घरात पंख्याशिवाय कोणाचा आवाज नसायचा. त्याचा मला इतका कंटाळा यायचा की मी उन्हातच बाहेर पडायचे.

अशाच एका दुपारी डेपोमागच्या बंद इमारतीतून आवाज आला, “मी पडलोय. कोणी आहे का?”

मी खिडकीतून आत उडी मारली. खाटेवर धुळीने माखलेला एक माणूस होता आणि त्याला कमरेखाली पायच नव्हते! मी किंचाळले.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. “मी मॅनिकिन आहे (उपचारांचा सराव करण्यासाठी माणसासारखा बनवलेला यंत्रपुतळा). हे प्रशिक्षण केंद्र होतं. विद्यार्थी मला रुग्णोबा म्हणायचे. छतावरच्या सौरपट्ट्यांवर माझी बॅटरी अजून भरते, म्हणून मी चालू आहे. तुझं नाव?”

“हर्षिदा. तुम्ही रोज अशी हाक मारता?”

“सहा वर्षं मारतोय. माझं कामच ते आहे.”

मग मी रोज जाऊ लागले. मी त्याची धूळ पुसायचे आणि तो मला शिकवायचा. तो ११,४१२ वेळा पडला होता. कधी हृदय बंद, कधी घशात घास, कधी उष्माघात. प्रत्येक वेळी विद्यार्थी धावून यायचे, शिकायचे, निघून जायचे.

“त्यातला एकही परत आला नाही,” तो एकदा म्हणाला. “खरा माणूस वाचला की नाही, हे सांगायला. मी पडतो तिथपर्यंतच मला माहीत आहे. पुढचं मला कोणी सांगत नाही.”

मला आईची आठवण आली आणि रडू आलं. त्याच्या छातीत यंत्र थंड ठेवणारा पंखा होता, तो हळू झाला.

त्याच दिवशी मी त्याला हणमंतकाकांचं कोडं घातलं.

“डॉक्टर कुठे बसले होते?” त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

“व्यासपीठावर. अध्यक्षांच्या शेजारी. शाल-श्रीफळ देतात ना त्यांना.”

“आणि सातवं वळण?”

“तिथून चार किलोमीटर वर.”

रुग्णोबा म्हणाला, “अंडं फोडून तव्यावर टाकलंस तर पांढरं का होतं?”

“शिजतं म्हणून.”

“त्यातली प्रथिनं (शरीर ज्यांच्यापासून घडतं ते पदार्थ) उष्णतेने आपला आकार सोडतात. मग तवा थंड केलास तरी ते अंडं पुन्हा पातळ होत नाही. आपल्या अंगातही प्रथिनं आहेत. एरवी घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण कडक उन्हात जोरात पळताना उष्णता इतकी तयार होते की घाम पुरा पडत नाही. आतलं तापमान चाळिसाच्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडू लागतं. माणूस भलतंच बोलतो. तोच उष्माघात. अर्ध्या तासाच्या आत त्याला थंड केलं तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. म्हणून आधी जागेवर गार पाण्यात बसवायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. तुमच्या हणमंतकाकांची पंचवीस मिनिटं तर वाट बघण्यातच गेली.”

रविवारी बाबा पळणार होते. डॉक्टर तेच चार होते.

मी शर्यतीच्या समितीचे सचिव सदूभाऊ भिंगारे यांच्याकडे गेले. ते हसले. “अगं पोरी, चार डॉक्टर हायेत की! संगणकानं निवडल्यात. मी म्हणलं, गावातले डॉक्टर काढ. त्यानं काढले.”

संगणकाने सांगितलं तेवढंच केलं होतं. ज्यांच्या नावापुढे ‘डॉ.’ आहे ते सगळे त्याने काढले होते. पहिले डॉ. पुराणिक, यांनी जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहिला होता. दुसरे गुरांचे डॉक्टर. तिसरे त्वचेचे, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. चौथ्याच्या दुकानाची पाटी होती ‘डॉ. मोबाइल’. गेली तीन वर्षं हेच चौघं हार घालून घेत होते आणि एकालाही विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला येतं काय?

हे मी रुग्णोबाला सांगितलं. तो म्हणाला, “मला तिकडे घेऊन चल. सहा वर्षं झाली, मी नीट पडलोच नाहीये.”

बाबांनी डोक्याला हात लावला, पण स्कूटरवर मध्ये रुग्णोबा आणि मागे मी असे आम्ही समितीच्या कार्यालयात गेलो. बैठक भरली होती, चारही डॉक्टर हजर होते. रुग्णोबाला टेबलावर ठेवलं. त्याची रबरी कातडी लाल झाली, तापली आणि तो ओरडला, “माझी सायकल झाडावर कोणी ठेवली?”

“फिट आली! कांदा फोडा!” सदूभाऊ ओरडले. गुरांचे डॉक्टर तोंडात पाणी ओतायला धावले. “अहो, शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजाल तर ते श्वासनलिकेत जाईल,” पुराणिक म्हणाले, आणि लगेच कबूल केलं, “हे मी कुठेतरी वाचलंय. पुढचं काही येत नाही. खरं सांगतो सदूभाऊ, मी तीन वर्षं त्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसतोय.”

दारात एक बाई उभ्या होत्या. रुग्णवाहिकेवरच्या जरीना मुलाणी, शर्यतीच्या दिवशी रस्ता मोकळा ठेवा असं सांगायला आलेल्या. त्यांनी पिशवी खाली टाकली, प्यायच्या पाण्याचं पिंप रुग्णोबावर उपडं केलं, ओला टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि विचारलं, “बर्फ कुठं मिळंल? बघत काय बसलाय?”

रुग्णोबाच्या छातीवर हिरवा दिवा लागला.

“सिस्टर, तुम्ही यादीत कशा नाही?” पुराणिकांनी विचारलं.

“मला कुठं कोण डॉक्टर म्हणतंय,” त्या म्हणाल्या.

सदूभाऊंचा चेहरा पडला. ओला रुग्णोबा टेबलावरून शांतपणे म्हणाला, “नावापुढे काय आहे ते सोडा. या शर्यतीत माणसाला काय होऊ शकतं, ते आधी लिहा. मग ते बरं करण्याचं शिक्षण कोणाचं झालंय आणि त्याची नोंदणी आजही चालू आहे का, ते कागद बघून तपासा. कागद खरा निघाला तरी त्याने गेल्या वर्षभरात हे हाताने केलंय का, ते विचारा. आणि तो कुठे उभा राहिला तर पाच मिनिटांत पोचेल, ते मोजा. व्यासपीठावरून कोणी पोचत नाही.”

रविवारी सातव्या वळणावर निळा टब होता, त्यात पाणी आणि बर्फाच्या लाद्या. शेजारी जरीना सिस्टर आणि त्यांचे दोन सहकारी. तिसऱ्या आणि नवव्या वळणावरही तशीच माणसं. सगळ्यांची परीक्षा रुग्णोबाने घेतली होती. मी सिस्टरांजवळ बसून होते.

अकराच्या सुमाराला बाबा आले. पळत नव्हते, भेलकांडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि म्हणाले, “सुमन, चल की घरी. पोरगी वाट बघत आसंल.”

सुमन माझ्या आईचं नाव.

एक क्षण मला वाटलं, बोलू दे त्यांना. तीन वर्षांत त्यांनी ते नाव माझ्यासमोर घेतलं नव्हतं. मग मला झाडावरची सायकल आठवली आणि मी ओरडले, “सिस्टर, बाबा भलतं बोलतायत!”

पुढच्या मिनिटाला बाबा गळ्यापर्यंत पाण्यात होते. सिस्टरांच्या यंत्रावर आतलं तापमान एक्केचाळीस पूर्णांक तीन होतं. मी बाबांचा हात धरून आकडे मोजत राहिले. चाळीस. एकोणचाळीस पूर्णांक सहा. चौदा मिनिटांनी अडतीस पूर्णांक आठ झालं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “बास. आता बाहेर काढा, गाडीत घाला.”

बाबांनी डोळे उघडले. “हर्षे,” ते म्हणाले, “माझे बूट वले कशानं झाले गं?”

मी इतकी रडले की सिस्टरांनी मलाही पाणी पाजलं.

संध्याकाळी बाबा दवाखान्यात झोपल्यावर मी डेपोमागच्या केंद्रात खिडकीतून उडी मारली. रुग्णोबा खाटेवर होता. आता त्याची हाक ऐकायला आणि त्याच्याकडून शिकायला गुरुवारपासून नऊ जण येणार होते. पुराणिकसरांनी सगळ्यांत आधी स्वतःचं नाव दिलं होतं, आणि समितीने नव्या यादीसाठी संगणकाला रुग्णोबाचेच प्रश्न शिकवले होते. पण हे सगळं मी नंतर सांगितलं.

“माणूस पडला,” मी आधी म्हणाले. “सातव्या वळणावर. माझे बाबा.”

त्याच्या छातीतला पंखा थांबला. “पुढे?”

“पुढे त्यांनी विचारलं, बूट ओले कशाने झाले.”

बाहेर डेपोतली शेवटची बस लागली आणि गेली.

“हर्षिदा,” तो हळूच म्हणाला, “पुन्हा एकदा सांगतेस?”

मी खाटेवर त्याच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.