हळदीची बोट

गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्या पुरुषांचा मला भयंकर राग येतो. न बोलावता येतात, एका हाताने मोबाईल सांभाळत दुसऱ्याने हवा ढकलतात, आणि कुठे ठोकर बसली की सगळ्यांत आधी तेच गायब होतात.

सोनिवलीच्या त्या गल्लीत तसाच एक उगवला. माझ्या पिकअपला मागे ट्रेलर, ट्रेलरवर मोरिवलीहून भाड्याने आणलेली फायबरची बोट, आणि जायचं होतं हळदीच्या घराच्या अंगणात. पिवळा कुर्ता, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... आणि हात हवेत.

"अहो मॅडम, उजवीकडे फिरवा. उजवीकडे."

"ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवतात."

"कोणी शिकवलं?"

"बाजूला व्हा, दाखवते."

तो झाला नाही. मी काच वर केली आणि बोट एका दमात अंगणात लावली. उतरले तर साहेब तिथेच, हसत. हसताना एका गालाला खळी पडत होती. मला त्या खळीचाही राग आला.

"मी कल्पेश. नवरदेव माझा मोठा भाऊ. बोट मीच बुक केली... पण फोनवर तर माई होत्या."

"ती माझी आई. मी तेजस्वी. गाडी माझी आहे."

"मग गाडीच्या दारावर नंबर त्यांचा का?"

"मुलीचा नंबर गावभर फिरायला नको म्हणून."

"बरोबरच आहे की—"

"काय बरोबर आहे?"

तो बोटीची दोरी तपासायला लागला. खळी तेवढी राहिली.

बाबा गेल्यापासून पिकअप मीच चालवते. उल्हासनगरहून निघायचं, कधी बारवी धरणावर बोट, कधी अंबरनाथच्या कारखान्यात जनरेटर, जे मिळेल ते ओढायचं. माईला हे एक दिवसही पटलेलं नाही. तिची अट होती, गिऱ्हाइकाची एक तक्रार आली की गाडी विकायची आणि मी मुकाट्याने स्थळं बघायची. आजवर एकही तक्रार आली नव्हती. येऊ दिली नव्हती.

दुपारभर पोरांनी बोटीला झेंडू बांधला. संध्याकाळी नवरदेव सनी तिच्यात उभा राहून अंगणातून गावदेवीच्या देवळाला वळसा घालून मांडवापर्यंत मिरवणार होता. त्याचे काका, जनूकाका, पांढऱ्या टोपीत येऊन म्हणाले, "सनीसंगती पंधरा-वीस पोरा उबी रवतील बोटीन. तू गारी चालव, बाकीचा आमी बगतो."

"काका, बोटीत फक्त नवरदेव. तोही पुढे, बसून."

"बसून? हलद हाय का ऑफिस?"

मी समजावून सांगितलं. नाचायला सगळे मागच्या टोकाला जमतात. मागे वजन गेलं की पुढून हूक उचलला जातो आणि ट्रेलर गाडीपासून सुटतो. सुटला की थेट मागे नाचणाऱ्या बायकापोरांवर जातो.

"अहो, पाच मिनिटांचं काम," कल्पेश मध्ये पडला. "हळू चालवा ना. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी चावी काढून मुठीत घट्ट धरली.

"मग तुम्ही ओढा. बैलासारखे."

पोरं हसली. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने खिशातून मोबाईल काढला, माझ्या डोळ्यांत बघत नंबर लावला आणि म्हणाला, "हॅलो माई, तुमची मुलगी ऐन वेळेला अडून बसली आहे हो. जरा सांगा तिला."

दोन मिनिटांत माईचा फोन. "आली ना तक्रार? उद्या गाडीला गिऱ्हाईक बघते." आणि कट.

रडू आलं. दुःखाचं नाही, रागाचं. मी गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. बाहेर तो, हातात कोकम सरबत.

"घ्या... गरम होतंय."

"तुमच्या एका फोनने माझी गाडी विकायला निघाली. ठाऊक आहे? नाही ना? मग सरबत तुम्हीच प्या."

सगळं सांगून टाकलं, अटीसकट. तो ऐकत राहिला. त्याने एकदाही "सॉरी" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सरबत त्याच्या कुर्त्यावर गेलं असतं. ग्लास बॉनेटवर ठेवून तो सरळ बोटीकडे गेला. पोरं चढायला लागली होती.

"उतरा सगळे. सनीदादा एकटा बसेल."

"बायकांचा आयकतस तू?" जनूकाका कडाडले.

"मघाशी नाही ऐकलं, काका. चुकलं माझं. आता ऐकतो."

काका फणफणत घरात गेले. सनीचं तोंड एवढंसं झालं, पण तो बसला. मी गाडी सुरू केली. बँड वाजत होता, हळद उडत होती, आणि आरशात कल्पेश दिसत होता, ट्रेलरच्या बाजूने चालत, चढू पाहणाऱ्या एकेकाला दंडाला धरून खाली उतरवत. एकदा त्याने आरशात पाहिलं. मी नजर काढून घेतली. लगेच नाही.

बोट मांडवात पोहोचली. तो हळदीने माखलेला खिडकीशी आला. "माईंना फोन लावतो. तक्रार मागे घेतो."

"खबरदार. माझ्या वतीने कोणी बोलायचं नाही."

मीच लावला. "माई, तक्रार खरी होती. बोटीत वीस पोरं चढवू म्हणाले, मी ऐकलं नाही, आणि असल्या बाबतीत कधीच ऐकणार नाही. बाबांनीही ऐकलं नसतं. गाडी विकायची नाही."

मग ती म्हणाली, "जेवलीस का?"

"नाही."

"हळदीचं घर आहे, उपाशी येऊ नकोस."

गाडी विकण्याचं नाव तिने काढलं नाही. मी जेवले. त्याने वाढलं, मी त्याच्याकडे न बघता खाल्लं. निघताना गाडीतल्या पेनाने त्याच्या तळहातावर माझा नंबर लिहिला, जरा जास्तच दाबून.

"यापुढे तक्रार असेल तर मला करायची. आईला नाही."

"कधीही?"

"तक्रार असेल तरच."

गावाबाहेरच्या नव्या टॉवरांपाशी पोहोचले नाही तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. गाडी बाजूला घेतली.

"बोला."

"तक्रार आहे... तुम्ही निघून गेलात."

"हे तक्रारीत बसत नाही."

"मग सरळच सांगतो. तुम्ही मला आवडता. बाइक काढली आहे... येऊ?"

मला हसू येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

"या. पण मी अजून चिडलेली आहे."

"माहीत आहे. मी हळूच येतो."

मी इंजिन बंद केलं.