पिवळ्या कागदाच्या तीन पट्ट्या

बिस्किटांचा डबा रिकामा होता. मोझांबिकच्या युद्धातून आबीलिओंनी पाठवलेली एकतीस पत्रं त्यात असायची. पोलिसांना फोन त्यांनीच केला होता. मुलाची कादंबरी सोमवारी छापायला जाणार होती. त्याआधी त्यांना ती पत्रांशी ताडून पाहायची होती.

"बाबांनीच जाळली असतील," त्यांचा मुलगा दुआर्त हळूच म्हणाला. "पुस्तकात त्यांच्या तुकडीने एक गाव जाळल्याचं आहे. लाज वाटत असेल. हल्ली विसरतातही."

"विसरता आलं असतं तर बरं झालं असतं," आबीलिओ म्हणाले. त्यांच्या हातातली कपबशी खडखडत होती.

इन्स्पेक्टर बेनेदिता त्यांच्या बायकोकडे, इदालिनांकडे वळली. "पत्रं तुम्हाला आलेली?"

"हो. तेव्हा आम्ही मुली अनोळखी शिपायांना पत्रं लिहायचो. ह्याच्याशी पुढे लग्नच केलं. पत्र आलं की मी बोटानेच फाडायचे. कात्री शोधायला धीर कुठला?"

"सगळी फाडलीत?"

"शेवटचं नाही. त्या गावात तू काय केलंस, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं ते. पन्नास वर्षं तसंच ठेवलं."

"आणि तुम्ही?" तिने दुआर्तला विचारलं.

"आईने उघडलं नाही, ते मी कसं उघडेन?"

त्याच्या टेबलावर ब्लेड होतं, पोलादी पट्टी होती. पेन्सिलींच्या खालून बेनेदिताने कागदाच्या तीन बारीक पिवळ्या पट्ट्या काढल्या. त्यांवर वाळलेला डिंक होता.

"ह्या पत्रांना पाकीट नसायचं," ती म्हणाली. "तोच कागद दुमडून तीन कडा चिकटवायच्या. ह्या त्या कडा, पट्टी धरून सरळ कापलेल्या. आई बोटाने फाडतात. बाबांच्या हाताला इतकं सरळ कापणं जमणार नाही. आणि ज्याला जाळायचंच आहे तो एवढं जपून कशाला उघडेल? कादंबरीतला शिपाई काय करतो?"

"गोळी झाडायला नकार देतो," दुआर्त म्हणाला.

"आणि पत्रातला?"

दुआर्तने खालचा खण उघडला. पत्रं तिथेच होती.

"सतरा माणसं," आबीलिओ म्हणाले. "मी झाडल्या गोळ्या. हिला लिहून कळवलं. आणि तू मला संत करून टाकलंस."

"आईसाठी केलं, बाबा."

"माझं नाव पुढे करू नकोस," इदालिना म्हणाल्या.

त्यांनी शेवटचं पत्र उचललं, नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"तूच वाच."

आबीलिओंनी चष्मा लावला आणि तारखेपासून सुरुवात केली.