सुटणारं दार

"थांबा," असं म्हणत त्याने माझ्या हातातली पहार काढून घेतली. मला रागच आला.

जुन्या गाड्या मोडायच्या त्या आवारात मी प्रथमच पाऊल टाकलं होतं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, वर्गात आम्ही मुली दोघीच. प्रकल्प होता सहज सुटं होईल असं गाडीचं दार बनवायचा, आणि सरांची अट अशी, की आधी महिनाभर भंगारातली दारं खोलून या. मी आल्या आल्या एका दारात पहार खुपसली होती.

"आत काच आहे," तिथे गाड्या मोडणारा तो तरुण म्हणाला. "फुटली की चुरा रबरात, तारांत, सगळीकडे जातो. मग काच वितळवता येत नाही आणि तांबंही हाती लागत नाही."

"मग काढायची कशी?"

"ते बनवणाऱ्याला विचारा. मोडणाऱ्याची आठवण ठेवून दार बनवणारा इंजिनिअर मी अजून पाहिला नाही."

"आता पाहाल."

"बघू की..." तो हसला. गालावर ऑइलचा काळा फराटा होता. आज माझी सत्तरी उलटली, पण तो फराटा कोणत्या गालावर होता, ते मी अजून सांगू शकते.

मग रोज दुपारी मी तिथे. तो दार खोलायचा, मी वहीत काढून घ्यायची — हात कुठून जातो, कुठे अडतो, बोटं कुठे सोलवटतात. एकदा मी पट्टी घेऊन म्हटलं, "पंजा दाखवा. माप हवंय."

"दाराला की अंगठीला?"

"दाराला."

"मग ठीक," तो म्हणाला, पण पंजा काही लवकर मागे घेतला नाही. आवार त्याच्या मामांचं होतं. ते लांबूनच ओरडले, "भाचेबुवा, एका दाराला दोन दिवस? अशाने गाड्याच गंजून मोकळ्या होतील."

महिना संपला की मी त्या वाटेला फिरकणार नव्हते. दोघांनाही ते ठाऊक होतं. तो एकदाच म्हणाला, "इथे जे येतं ते शेवटचं येतं. परत कोणी येत नाही." मी नुसतीच पेन्सिलीला टोक करत बसले.

परीक्षेत मी बनवलेलं दार दुसऱ्या कुणीतरी खोलून दाखवायचं होतं. मी त्यालाच बोलावलं. स्वच्छ शर्ट, नखं घासूनपुसून — तरी कडा काळ्याच. सात मिनिटांत काच अखंड बाहेर. पत्रा, तारा, रबर, सगळ्यांचे वेगळे ढीग. परीक्षक खूश झाले. म्हणाले, "आणा, मी बघतो," आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या दुसऱ्या, न खोललेल्या नमुन्यावर वाकले. त्यांची बोटं चौकटीवर आपटली. पुन्हा आपटली.

"माझा हात जात नाही. तुमचा कसा गेला?"

त्याने हात वर केला. डावा.

"मी डावखुरा आहे, साहेब."

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि हे दार तुम्ही नेमकं कोणासाठी बनवलंत, बाई?"

मी ड्रॉइंगकडे पाहिलं. प्रत्येक फट, प्रत्येक स्क्रू डाव्या हाताच्या सोयीचा. महिनाभर मी एकाच माणसाचे हात पाहिले होते. बाकी जग उजव्या हाताने काम करतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागे कोणीतरी खुसखुसलं.

दहा गुण गेले, पण पास झाले.

बाहेर व्हरांड्यात तो खांबाला टेकून उभा होता. नजर बुटांकडे.

"मी बोलणार नव्हतो," तो म्हणाला. "तुम्ही इंजिनिअर, मी मोडतोड करणारा... पण आता तुमच्या दारानेच सगळं सांगून टाकलं."

"दार चुकलंय," मी म्हटलं. "दुरुस्त करायला हवं. उजव्या हातांसाठी."

"म्हणजे... उद्या येणार?"

"उद्या. परवाही. काम किती दिवस चालतंय त्यावर आहे."

"माझा हात फार सावकाश चालतो," सात मिनिटांत दार खोलणारा तो माणूस म्हणाला.

"चालू दे," मी म्हटलं. "मला कुठे घाई आहे?"