तीन नंबरची टाकी

ठेवा ते मोबाइल खाली. माझ्या मेहुण्याच्या दोस्ताबरोबर हे घडलंय, आणि आठवलं की मला अजून शिसारी येते. भुताची नाही रे. आपल्यासारख्या जित्याजागत्या माणसांची.

हा दोस्त दूध डेअरीत रात्रपाळीचा ऑपरेटर. घर डेअरीच्या भिंतीपलीकडेच. गेल्या सप्टेंबरातला मंगळवार. रात्री नऊला तो तीन नंबरच्या टाकीतून किटलीभर दूध घेऊन घरी जेवायला गेला. बायको दूध तापवायला निघाली, तर हा म्हणाला, "अगं, मशीननं पास केलंय. तसंच भर बाटलीत." बाटली त्याच्या वर्षाच्या लेकीची. पोरगी बरोबर तीनला उठायची, पिऊन पुन्हा झोपायची.

पूर्वी त्या डेअरीत एक म्हातारे होते. सगळे त्यांना नाककाका म्हणायचे. प्रत्येक कॅन हुंगायचा आणि मगच दूध आत घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. मशीन आलं, पडद्यावर हिरवे दिवे लागले, काकांना घरी बसवलं. वर्षभरात गेले बिचारे. नियम मात्र राहिला: दर तासाला टाकीचं झाकण उघडून बघायचं, तक्त्यावर सही करायची. हा पठ्ठ्या काय करायचा? कामावर आला की आठही तासांच्या सह्या एका दमात ठोकून मोकळा! वर ऐट अशी, जणू रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसलाय.

पावणेतीन वाजायला आले होते. हा खुर्चीत पेंगत होता. टाक्यांच्या हॉलमधून आवाज आला. कुणीतरी श्वास ओढत होतं. लांब. नाकातून.

"कोण आहे?"

एक नंबरपाशी हुंगल्याचा आवाज. मग दोन. मग तीन... आणि तिथंच थांबला. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. पडद्यावर तिन्ही दिवे हिरवे. चार डिग्री.

पुन्हा श्वास. आता ओकारी दाबल्यासारखा.

हा शिडी चढला. झाकण अर्धवटच लागलेलं. उचललं...

काय सांगू! सडका भपकारा थेट तोंडावर. दूध कोमट. वर पिवळट साय आणि सायीत फुगलेला उंदीर, केस सुटलेले. टाकी धुताना कुणीतरी तीन नंबरचं थर्मामीटर काढलं आणि परत लावताना दोन नंबरच्या टाकीत सोडलं. मशीन इमानेइतबारे शेजारच्या टाकीचं तापमान सांगत होतं, त्यामुळे तीन नंबरचं दूध थंड करणं सुरूच झालं नव्हतं. आणि ह्यानं त्यावर सह्या केल्या होत्या. थू!

तेवढ्यात बाटली आठवली.

फोन लावला. उचलेना. हा धावत सुटला. तीन वाजले होते. दार बडवलं.

बायकोनं कडी काढली. कडेवर पोरगी, भुकेनं टाहो फोडणारी. उपाशी होती!

"आता कशाला आलात?" बायको भडकली. "मघाशी आलात, अंधारात बाटली हुंगलीत, सगळं दूध मोरीत ओतलंत आणि चकार शब्द न बोलता निघून गेलात. पोरीला आता काय पाजू?"

"मघाशी? कधी?"

"झाली की दहा मिनिटं. मी उठले तर तुम्ही नव्हतात, आणि दाराला आतून कडी..."

ती वळून कडीकडे बघू लागली.

तो मोरीपाशी गेला. बाटली धुऊन पालथी घातली होती. अजून निथळत होती.