चष्मा असता तर

सरूचा चष्मा गेला आणि अख्खा क्लास शकूकडे बघायला लागला.

बघणारच की. गुणाजी सरांनी रोह्याच्या इंग्रजी वाचन स्पर्धेला सरूला निवडलं, तेव्हापासून शकूचा नुसता जळफळाट चालला होता. तिने तो लपवलापण नव्हता.

"कुठं ठेवलेलास गो?" शकूने विचारलं.

"पिशवीत. आणि कुठं ठेवणार?" सरू रडकुंडीला आली होती. चष्म्याशिवाय तिला पुढ्यातलं अक्षर दिसायचं नाही. पेणहून रोह्याची रेल्वे कधीच सुटली होती. आता रामवाडीच्या नाक्यावरून एस.टी. मिळाली तरच.

"शकू, देऊन टाक ना," हिरामण म्हणाला. ओली छत्री मांडीवर, पँट भिजलेली. बाकीच्यांच्या छत्र्या दाराशी निथळत होत्या.

"भांडायचं तर इंग्रजीत भांडा," सर वैतागले. "कालचंच मिक्स्ड कंडिशनल. मागं खरंच घडलेलं घ्या, उलटं करा, आत्ता काय असतं ते सांगा."

विठू 'इफ सरू हॅड'वरच अडकला. हिरामणला राहवेना. कॉलर नीट करत तो म्हणाला, "इफ द स्पेक्स हॅडन्ट बीन ऑन द विंडो, सरू वुड बी इन रोहा नाऊ."

"करेक्ट."

शकूने कान टवकारले. "खिडकी कुठून आली रे?"

"आपलं उदाहरण."

"नाय. सर म्हणाले, खरं घडलेलं घ्या. तू 'हॅडन्ट बीन' म्हणालास, म्हणजे चष्मा खिडकीत होता."

सरू दचकली. "अगो व्हय. तोंड धुताना काढलेला. खिडकीतच ऱ्हायला."

"हिला आठवत नव्हतं, आम्हाला माहीत नव्हतं," शकू हिरामणकडे वळली. " मग तुला कसं? आणि ओली छत्री मांडीवर कोण घेतं? उघड."

छत्री उघडली. चष्मा टपकन मांडीवर.

"ती राहिली तर माझा नंबर होता," हिरामण पुटपुटला.

"तुझा तिसरा. दुसरी मी. म्हणून चष्मा तिचा उचललास आणि नाव माझं घेतलंस."

सरूने चष्मा उचलला आणि नाक्याकडे पळत सुटली, मागोमाग शकू.

नाक्यावर एस.टी. उभीच होती. सरू खिडकीशी बसली. खाली उभ्या शकूचा जळफळाट अजून संपला नव्हता.

"सरू, इफ यू हॅडन्ट जॉइन्ड अवर क्लास, आय वुड बी इन दॅट सीट नाऊ."

सरूने चष्मा सारखा केला. "मिक्स्ड कंडिशनल पहिल्यांदा बरोबर आलं गो तुझं."

"खरं होतं ना," शकू म्हणाली.