सर्व संबंधितांस

वणीत पांढरे कपडे घालून फिरणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाहीतर नवखा. गौरी नवखी होती. यवतमाळहून इथं येऊन तिला जेमतेम पंधरवडा झाला होता, आणि कोळशाच्या ट्रकांनी उडवलेला काळा चिखल तिच्या पांढऱ्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत चढला होता. श्रावण सरत आलेला. अचानक सर आली तशी ती एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली धावली... आणि तिथं उभ्या उभ्या तिला तिनंच लिहिलेली सूचना ऐकू आली.

म्हणजे सूचना तिचीच होती. शब्द मात्र त्यात तिचा एकही नव्हता.

श्वसनविकार सर्वेक्षण कक्षात ती कंत्राटावर लागली होती. माहिती गोळा करायची, संगणकात भरायची आणि सूचना लिहायच्या, हे तिचं काम. ‘सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, कुटुंबनिहाय माहिती संकलनाचे कार्य प्रस्तावित असून नागरिकांनी सहकार्य करावे,’ असं तिनं लिहिलं होतं आणि कक्षाचे प्रमुख सलील सर त्यावर बेहद्द खूश झाले होते. आता पावसातून एक ऑटो येत होता आणि त्याच्या टपावरचा भोंगा सांगत होता –

“ऐका हो माय-बापहो... खोकल्याचा सर्वे होऊन राह्यला. बाया घरी येतीन, एक नळी देतीन, तिच्यात जोरानं फुंकाचं. सुई-बिई काही नाही. अन् बाई दिसली की दार लावून घरात लपू नका, ते लाइट कापाले नाही आली.”

ऑटो त्याच पत्र्याखाली येऊन थांबला. माइक कॅरीबॅगमध्ये गुंडाळून एक उंच, किडकिडीत तरुण खाली उतरला.

“हे मी लिहिलेलं नाही,” गौरी म्हणाली.

“तुमी लिहिलं व्हय ते?” त्यानं आधी तिच्या सलवारीकडं पाहिलं, मग तोंडाकडं. “मॅडम, पह्यल्या चौकात तुमचंच वाचलं. तं एक म्हातारा विचारे, हे संबंधित कोनाच्या घरचं पोरगं हाये?”

तिला रागवायचं होतं. ओठ दाबून धरले तरी हसू सांडलंच. “सरकारी भाषा अशीच असते.”

“हाव. पन खोकला तं सरकारी नसते न.”

“नाव काय तुमचं? तक्रार करायची आहे.”

“कपिल उरकुडे. अन् नंबरही लिहून घ्या – बिना नंबरची तक्रार कोनी घेत नाही.”

तेवढ्यात गौरीला कॅरीबॅगमधला बारीक लाल दिवा दिसला. माइक चालूच होता. समोरच्या टपरीवरचे सगळे लोक कप हातात धरून ऐकत होते. कपिलनं अंगठ्यानं खटका दाबला, दिवा विझला.

“आता बोला,” तो हळूच म्हणाला. “आता मी एकटाच ऐकून राह्यलो.”

गौरीनं पेन काढून तळहातावर त्याचा नंबर लिहून घेतला.

तक्रार काही झाली नाही. दर आठवड्याला सूचना निघायची. गौरी ती जमेल तेवढी जड लिहायची, मुद्दाम... आणि कपिल तिची पार वाट लावायचा. टपरीवर चहा घेताना तो आपल्या धंद्याच्या गमती सांगे. साड्यांचा सेल, हरवलेली बकरी, खताची नवी गाडी – कोणी काहीही लिहून दिलं तरी तो आपल्या पद्धतीनं फिरवून सांगायचा. लोकांना तेच आवडायचं.

“म्हणजे दिलेलं तसंच्या तसं कधी वाचतच नाही तुम्ही?”

“वाचतो न. कोनी गेलं की.” तो एकदम गंभीर झाला. “मयतीचं जसं लिहून देतीन तसंच वाचतो. तिथं आपलं काही मिसळाचं नसते.”

गौरी सकाळी घाईत निघायची आणि जेवणाचा डबा बहुतेक वेळा भरलेला तसाच परत आणायची, हे कसं कोण जाणे, त्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून तिच्या गल्लीत ऑटो शिरला की कुठल्याही सूचनेच्या शेवटी एक ओळ वाढायची – “अन् डबा नेला असन तं खाऊन घेत जा बाप्पा. वापस नका आनू.” घरमालकीण रुपीबाई कौतुकानं म्हणायची, “सरकार आता डब्याचंही पाहून राह्यलं वाटते.” गौरी दाराआड उभी राहून लाल व्हायची. आणि डबा खायची.

ती त्याच्या प्रेमात पडली होती, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवत होती ती फक्त यवतमाळला, फोनवर. आयुष्यभर कचेरीत खुर्ची उबवून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांना, अनंतरावांना, भोंगा लावून फिरणारा जावई कसा सांगायचा? सांगू, सावकाश सांगू.

दिवाळी झाली. शेतं पांढरी झाली. आणि कक्षातून एक मोठी सूचना निघाली – सर्वेक्षणावर सल्लागार समितीची जाहीर बैठक, नागपूरचे तज्ज्ञ येणार, नागरिकांनी आपलं म्हणणं समक्ष मांडावं. कपिलनं टपरीवर तो कागद दोनदा वाचला. त्याचं गाव कोळशाच्या रस्त्याला लागूनच होतं. त्याच्या आईनं, भागीरथाबाईनं, सर्वेक्षणाच्या नळीत तीनदा फुंकलं होतं. त्यातून काय निघालं, ते सांगायला एकदाही कोणी आलं नव्हतं.

“म्हंजे आपले लोक बोलतीन अन् डॉक्टर लोक ऐकतीन?”

“त्यासाठीच तर बैठक.”

“होईन न नक्की? कापूस वेचाचे दिवस हायेत. मजुरी पाडून येतीन लोक.”

“होईल. खुर्च्या मी स्वतः मांडणार आहे.”

“मंग मी माह्या जबानीवर बोलावतो.” तो थोडा थांबला. माइक ऑटोतच होता, तरी त्याचा अंगठा हवेत खटका दाबून गेला. “आईलेही आनतो... मीटिंगमधी बोलाले. अन् तुले पाहाले.”

तुले. पहिल्यांदाच.

“मला पाहायला? मी काय प्रदर्शन आहे?” गौरी पेल्यात बघत म्हणाली.

“घरी न्याच्या पह्यले दाखवा लागते.”

चहा भाजत होता, पण पेला खाली ठेवायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. “साडी नेसून येऊ?”

“नेस. पांढरी सोडून.”

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी सलील सरांनी तिला बोलावलं. स्वतःच्या कपातला अर्धा चहा तिला बशीत दिला, फार गोड माणूस. “नागपूरची मंडळी येत नाहीत. बैठक पुढं ढकलली. फलकावर लावून टाका.”

“सर, गावोगाव भोंगा फिरलाय. निदान परत एकदा –”

“भोंगा नको. बैठक रद्द म्हणून गावभर ओरडलं की उद्या पेपरात फोटोसकट. नियमात फलक आहे ना, मग फलकावर लावा. आणि बाहेर कोणाला फोन नको.” ते हसले. “तुमचं कंत्राट डिसेंबरात संपतंय, नाही का? माझ्याच सहीनं वाढेल.”

तिनं सूचना लिहिली, खाली आपली सही केली आणि सभागृहाबाहेरच्या फलकावर डकवली. मग फोनवर कपिलचा नंबर काढला आणि फोन परत ठेवून दिला. ही नोकरी गेली तर यवतमाळला परत जावं लागेल, वडिलांच्या समोर बसावं लागेल, आणि तिथून वणी फार लांब पडेल... आणि असल्या बैठकांना येतं कोण? चार-दोन म्हातारे येतील, त्यांना चहा पाजू, समजावून सांगू. कपिल रागावेल, मग हसेल. असं तिनं सगळं मनाशी छान लावून घेतलं. वणीच्या खेड्यांत त्याच्या आवाजाची किंमत काय आहे, हे तिला अजून कळलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला – आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

तिनं लिहिलं, ‘छान.’

दुसऱ्या दिवशी हिरवी साडी नेसून ती कोपऱ्यावर आली आणि तिचे पाय थांबले. सभागृहासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. बाया होत्या, म्हातारे होते, कडेवर लेकरं होती. सगळे बंद कुलपाकडं पाहत होते. ‘अपरिहार्य कारणास्तव’ म्हणजे काय, ते एकमेकांना विचारत होते. कपिल फलकासमोर उभा होता, पाठमोरा. त्याचं बोट कागदाच्या तळाशी टेकलेलं होतं, तिच्या सहीवर.

“तारीख कालची हाये,” तो मागं न वळता म्हणाला.

“दुपारी कळलं... सरांनी फोन करू नको म्हणून सांगितलं. माझं कंत्राट...”

“अन् सांजच्याले मले ‘छान’ लिहिलं.”

“कपिल, मला वाटलं... कोणी येणार नाही.”

याहून वाईट उत्तर तिला शोधूनही सापडलं नसतं. तो आता वळला. रागावलेला असता तर बरं झालं असतं.

“मी बोलावलं होतं न,” तो म्हणाला.

कपिलच्या गावचे सदाशिवराव काठी टेकत आले. “तुह्या शब्दावर आलतो कपिल,” एवढंच म्हणाले आणि ट्रॉलीत जाऊन बसले. मागून एकेक करून सगळे बसले. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी दगड मारला नाही. वेचणीचा अर्धा दिवस अजून हाताशी होता, त्यांना घाई होती.

भागीरथाबाई तेवढी राहिली. जांभळं लुगडं, केसांना तेल, बोलताना मध्येच थांबवणारा खोकला. तिनं गौरीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. सून म्हणून पाहायला आलेली बाई जशी पाहते तशीच, मायेनं. गौरीला ते सोसवेना.

“मले बोलाचं होतं बाई. पाठ करून आलती मी. तुलेच सांगू का?”

गौरीनं मान डोलावली.

“माह्या खोकल्याचं नाही म्हनत मी. पन पांढरा कापूस वेचतो आमी, घरी आनेस्तोर तो काळा होते. तं आमच्या छातीत काय होत असन, ते तुमी शिकलेले लोक हा, तुमीच सांगा.” तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. “बस. इतकंच होतं.”

कपिलनं आईचा हात धरला आणि तिला ऑटोत बसवलं.

डिसेंबरात कंत्राट वाढलं. सलील सरांनी सही केली, वर पेढाही दिला. बैठकीची नवी तारीख आली तेव्हा गौरीनं सूचना लिहायला घेतली. सोपी लिहिता आली असती. पण तिनं मुद्दाम जड लिहिली, आजवरच्या सगळ्या सूचनांहून जड, मोडायला हातच शिवशिवावेत अशी. ‘सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की...’

कागद घेऊन ती स्वतः स्टँडवर गेली. बोलायचं खूप ठरवलं होतं. कपिल ऑटोत माइक घेऊन बसला होता, लाल दिवा चालू होता. तिनं त्याच्या अंगठ्याकडं पाहिलं. अंगठा हलला नाही. सगळा स्टँड ऐकत होता, आणि त्यासमोर बोलता येईल असं तिच्याकडं काहीच नव्हतं.

“नवी तारीख आहे,” ती म्हणाली.

“ठीक हाये, मॅडम,” भोंगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता तिला ऑटोचा आवाज आला. ती दाराआड जाऊन उभी राहिली, नेहमीच्या जागी. ऑटो गल्लीत शिरला.

“सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, स्थगित करण्यात आलेली सल्लागार समितीची जाहीर बैठक...”

त्यानं एक शब्द बदलला नाही. अडखळला नाही, घाई केली नाही, गंमत केली नाही. जसं दिलं होतं तसं, सही करणाऱ्याच्या नावापर्यंत वाचलं. मग भोंगा थांबला. गौरी डोळे मिटून पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली... डब्याच्या. ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळून निघून गेला.

ओले हात पुसत रुपीबाई बाहेर आली. तिनं डोक्यावर पदर घेतला होता.

“कोन गेलं ओ बाई?”

“कोणी नाही,” गौरी म्हणाली. “बैठक आहे.”

“मंग तो असा काहून सांगून राह्यला?”

काहून, ते गौरीला माहीत होतं. तिनं डबा पिशवीत घातला, कामावर गेली, आणि संध्याकाळी तो भरलेला तसाच परत आणला.