झोपलेला टोबारू

विजयादशमीला कुणाचंही काम घ्यायचं नाही, असं अंबाक्कानं पक्कं ठरवलं होतं. नवरात्रभर ती लग्नाळू मुलांच्या चौकश्या करत कुंभकोणमपासून तिरुवैयारुपर्यंत वणवण फिरली होती. एकाची नोकरी खोटी निघाली आणि दुसऱ्याची पहिली बायको खरी निघाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन खासगी चौकशीचा धंदा काढला, तेव्हा तिला वाटलं होतं की डोक्याला काम मिळेल. काम मिळालं ते गुडघ्यांना. ते आता बोलायला लागले होते आणि समोरची कॉफी गार झाली होती.

"अक्का, कुणीतरी आलंय," गुरुमूर्ती म्हणाला. हा तिचा मावसभाऊ. बँकेतून सुटल्यापासून तो तिला मोपेडवरून हिंडवायचा आणि प्रत्येक प्रकरणात समोर दिसेल त्या पहिल्या माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

आलेल्या मुलीनं रुमालात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. तळहाताएवढं, बटणांचं, काचेचं तोंड असलेलं खेळाचं मशीन होतं.

"मी सुप्रभा. वेस्ट मेन स्ट्रीटवरच्या वेंकूबाईंची सून. माझ्या घरात खून झालाय असं म्हटलं तर तुम्ही हसाल."

"आज हसायचं बळ नाही गे. बस आणि सांग."

सुप्रभा बसली. बोलताना तिचा आवाज सपाट होता, रडून संपल्यावर होतो तसा. तिच्या नवऱ्यानं, प्रणवेशनं, हे मशीन सिंगापूरहून आणलं होतं. गेल्या वर्षी वल्लमच्या रस्त्यावर स्कूटरला लॉरी लागली आणि तो गेला. मशीनमधल्या कॅसेटीत एक खेळ होता. त्यात रानावनातले चित्रविचित्र जीव पकडायचे, पाळायचे आणि वाढवायचे. त्यातलाच एक टोबारू.

"अर्धा बेडूक, अर्धा कंदील. पोटात पिवळा दिवा. दिवसभर झोपतो आणि दिवेलागणीला डोळे उघडतो. सगळ्या खेळात एकदाच मिळतो. यांनी तो अंड्यातून वाढवला होता. हे गेल्यावर रोज संध्याकाळी मी त्याला बघत बसायचे. त्या घरात माझी वाट बघणारं दुसरं होतं तरी कोण?"

"आणि आता?"

"सासूबाईंनी हट्टानं मशीन सरस्वतीच्या पूजेत मांडलं. पोराची वस्तू आहे, म्हणाल्या. मूळ नक्षत्रावर पुस्तकांबरोबर ठेवलं ते आज सकाळी उतरवलं. मी चालू केलं तर आत काहीच नाही! 'नवा खेळ सुरू करा', एवढंच. पुसलाय त्यांनी, अक्का. त्यांना तो डोळ्यासमोर नको होता."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"माझा भाऊ श्रीकर संध्याकाळच्या बसनं मला चेन्नईला नेतोय. तिथं नोकरी बघितलीय. आजवर मी नाही म्हणत होते, आज हो म्हटलं. पण त्या बाईनं हे केलं, हे मला पक्कं कळायला हवं. नाहीतर जन्मभर मनात राहील."

गुरुमूर्तीनं मान डोलावली. "सासूच. दुसरं कोण?"

अंबाक्कानं त्याच्याकडे बघितलंही नाही. "हल्ली तुझ्या टोबारूचं काही बिघडलं होतं का?"

सुप्रभा चमकली. "तो जागाच होत नव्हता. कधीही मशीन लावा, खेळात सकाळच. मी घड्याळ लावून द्यायची. पुन्हा उघडलं की पुन्हा सकाळ आणि हा झोपलेला. मला वाटायचं, त्यालाही कळलंय."

"त्याला दुसऱ्याच्या मशीनमध्ये पाठवता येतो?"

"दोन मशीनना तार जोडली की जातो. पण गेला की मोठा होतो, रूप बदलतं आणि मग पुन्हा लहान होत नाही. मोठेपणी कसा दिसतो हे आम्ही पाहिलंच नाही. राहू दे असाच, असं हे म्हणायचे."

अंबाक्कानं मशीन उचललं. बाजूच्या तारेच्या भोकावर गंधाचा टिळा होता, वर कुंकू. टिळा गुळगुळीत होता. तिनं केसातला आकडा काढून तो अलगद बाजूला सारला. भोकाच्या तळाशी गंधाचा वाळका पापुद्रा दबून बसला होता.

"चल गुरु. मोपेड काढ," ती उसासा टाकून म्हणाली.

वेंकूबाईंच्या घरात कोलूच्या, नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या अजून उतरवल्या नव्हत्या. बाहुल्यांभोवती दिव्यांची माळ लुकलुकत होती. खाली पूजेतली पुस्तकं रचून ठेवली होती. गुरुमूर्तीनं सवयीनं एक उचललं, तर त्यावरचं गंध तडकून त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"अय्यो, हात लावू नका!" वेंकूबाई ओरडल्या. सोवळ्यात, वाळलेल्या, ताठ. "विचारा काय विचारायचं ते. मी काही पुसलेलं नाही. मला ते चालू करतासुद्धा येत नाही."

"पूजेला कुणाचा हात लागला?"

"मी इथून हलले नाही. मी असताना माझ्या पूजेला हात लावायची कुणाची छाती आहे?"

"गंध छान आहे. विकतचं?"

"विकतचं! सहाणेवर मी स्वतः उगाळते. त्या सहाणेला सुनेचा हातसुद्धा लागत नाही."

"मशीनला किती वेळा लावलंत?"

"मांडताना. एकदाच." म्हातारीनं नजर दुसरीकडे वळवली.

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"सुंडलचा प्रसाद घ्यायला बायका आल्या, त्या ओसरीवर. आत कुणी नाही."

अंबाक्का माळेकडे बघत राहिली. "दिवे छान लागलेत."

"परवा बंद पडले होते," सुप्रभा दारातून म्हणाली. "दादा आणि मी दुपारी बंगारू कामाक्षीच्या देवळात जाऊन आलो, तर चालू."

"लागले आपोआप," वेंकूबाई म्हणाल्या.

श्रीकर ओसरीवर बॅग भरत होता. तो आडपडदा ठेवणारा नव्हता. "हो, मला ते खेळणं नको होतं. तरुण बहीण बेडकाच्या चित्राशी बोलत बसते, बघवतं का? पण पुसायचं असतं तर तिच्यासमोर पुसून दोन थोबाडीत खाल्ल्या असत्या. चोरून कशाला? आणि त्या म्हातारीच्या देवघरात पाऊल टाकायची माझी तर हिंमत नाही."

बाहेर आल्यावर गुरुमूर्ती कुजबुजला, "अक्का, हाच. फार खरं बोलतो."

"गप बस आणि गाडी चालव. तसला खेळ खेळणारं या गावात आणखी कोण आहे?"

दारापर्यंत आलेल्या सुप्रभानं एकच नाव सांगितलं. सतीशकुमार, प्रणवेशचा वर्गमित्र. साउथ मेन स्ट्रीटवर त्याचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातल्या सगळ्या हत्यारांवर पिवळाधमक टिळा होता, डब्यातल्या गंधाचा, गुलाबाच्या वासाचा.

सतीशकुमारच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मशीन रिकामं झाल्याचं त्यानं ऐकून घेतलं. "आम्ही दोघांनी एकदमच घेतली होती मशीनं. तो गेल्यावर माझं कपाटात पडून आहे. नवरात्रात त्यांच्याकडे जायलाही जमलं नाही."

"मला यातलं काही कळत नाही, बाबा," अंबाक्का स्टुलावर बसली. "खेळ बंद केल्यावर त्या जीवांना कोण सांभाळतं?"

"कॅसेटीच्या आत बटणाएवढी बॅटरी असते. खेळातलं घड्याळ आणि सगळी आठवण तिच्यावर. मशीनची बॅटरी आपण बदलतो, ही मात्र आत डाग देऊन बसवलेली असते."

"ती मेली की?"

"सगळं जातं." त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "फार वाईट झालं. वहिनींचा जीव होता त्याच्यावर. डोळे मिटले की तो निळा दिवाच दिसतो मला."

अंबाक्का उठली. "दिवेलागणीला वेंकूबाईंकडे या. तुमचं मशीन घेऊन या."

"माझं कशाला?"

"या तर खरं."

संध्याकाळी सगळे कोलूसमोर जमले. श्रीकर पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. वेंकूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुप्रभा बॅगेशेजारी उभी होती. अंबाक्काला खुर्ची मिळाली, तिला तेवढंच हवं होतं.

"मी दमलेय, म्हणून सरळ सांगते. खेळ कुणीही पुसलेला नाही. कॅसेटीतली बॅटरी मेली. ती मरायला टेकली होती हे टोबारू कधीपासून सांगत होता. खेळातलं घड्याळ बंद पडत होतं, सुप्रभा. म्हणून रोज सकाळ आणि म्हणून तो झोपलेला. तो दुःखात नव्हता."

सुप्रभानं ओठ घट्ट मिटले.

"मग गुन्हाच नाही!" गुरुमूर्ती म्हणाला.

"थांब. पुस्तकांवरचं गंध बघितलंस? मूळ नक्षत्राचं. वाळून तडकलेलं, हात लावला की सांडतं. मशीनवरचं त्यामानानं ताजं, गुळगुळीत. त्याच्या खाली, तारेच्या भोकात, जुनं वाळलेलं गंध आत दाबलेलं. म्हणजे पहिला टिळा वाळल्यावर कुणीतरी तिथं तार खुपसली आणि नंतर वरून नवा टिळा लावला. तारेचा उपयोग एकच. टोबारू बॅटरी मरायच्या आधी इथून बाहेर पडला होता."

"कुणी नेला?" सुप्रभाचा आवाज चिरकला.

"तू म्हणालीस, पोटात पिवळा दिवा. मोठेपणचं रूप तुम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. या गृहस्थांना मात्र डोळे मिटले की निळा दिवा दिसतो. निळा कुठून आला? ज्यानं त्याला आपल्या मशीनमध्ये घेतला आणि मोठा होताना पाहिला, त्यालाच तो दिसणार."

सतीशकुमारनं खाली मान घातली.

"चोर!" श्रीकर उठला.

"बस रे. चोर पूजेपर्यंत पोचला कसा? परवा तुम्ही देवळात गेलात आणि बंद पडलेली माळ चालू झाली. दिवे आपोआप लागत नाहीत, दुरुस्ती करणारा येऊन गेला. आणि नवा टिळा पिवळाधमक नाही, त्याला गुलाबाचा वास नाही; तो या गृहस्थांच्या डब्यातल्या गंधाचा नाही, सहाणेवर उगाळलेल्या गंधाचा आहे. त्या सहाणेला एकाच बाईचा हात लागतो."

सगळ्यांनी वेंकूबाईंकडे बघितलं.

"मीच बोलावलं त्याला," म्हातारी म्हणाली. "माळेसाठीच बोलावलं होतं. बोलता बोलता मी म्हटलं, प्रणवेशचा तो बेडूक हल्ली उठत नाही रे, पोरगी झुरते. त्यानं लगेच ओळखलं. म्हणाला, कधीही जाईल, आजच काढायला हवा. त्यासाठी पूजा मोडावी लागणार होती. मोडली. देवीची क्षमा मागितली आणि पुन्हा टिळा लावला."

"मी चेन्नईहून नवी बॅटरी मागवलीय, वहिनी," सतीशकुमार म्हणाला. "तोवर जुनी टिकेल असं वाटलं होतं. ती बसवून तुम्हाला गुपचूप परत देणार होतो. पण तो बदलला. तुम्हाला काय तोंड दाखवू, तेच कळेना."

"सकाळपासून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले," सुप्रभा सासूला म्हणाली. "खुनी म्हटलं. तुम्ही ऐकून घेतलंत. का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुला तो जसाच्या तसा हवा होता. मी बदलायला लावला. आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि तो गेला असता." वेंकूबाईंचा आवाज फुटला. "माझ्या पोराचं वय तिथंच थांबलं. हा मोठा झाला तर काय बिघडलं गे? होऊ दे की मोठा."

सतीशकुमारनं पिशवीतून आपलं मशीन काढून सुप्रभापुढे धरलं. तिनं ते घेतलं, चालू केलं आणि मटकन खालीच बसली. काचेतला उजेड तिच्या तोंडावर पडला.

"जागा आहे," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं.

वेंकूबाई भिंतीचा आधार सोडून सरकत सरकत तिच्याजवळ आल्या. सोवळ्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी सुनेच्या खांद्याला खांदा लावून काचेत वाकून बघितलं.

"हाच का? केवढा झाला!"

"केवढा झाला बघा, आई."

श्रीकरनं घसा साफ केला. "सुप्रभा, बस चुकेल."

"चुकू दे," ती मान वर न करता म्हणाली.

गुरुमूर्ती डोळे पुसत होता. अंबाक्कानं त्याला कोपरानं ढोसलं आणि दोघं कुणाचाही निरोप न घेता बाहेर पडली.